जुन्या निगेटिव्ह: अंधारी खोली कीं स्कॅनर?

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या वरच्या कप्प्यांत एखादा पत्र्याचा डबा असतो. त्यांत फोटो-स्टुडिओचीं पिंवळीं पडलेलीं पाकिटें असतात आणि त्या पाकिटांत लग्नाच्या, मुंजीच्या, सहलीच्या निगेटिव्ह असतात. अल्बममधील फोटो कधींच कोणी मागून नेलेला असतो किंवा वाळवीनें खाल्लेला असतो. निगेटिव्ह तेवढी मागें उरते. तिच्यावरून पुन्हां चांगला फोटो करून घ्यावयाचा झाल्यास आज दोन मार्ग आहेत. एक, पूर्वीप्रमाणें अंधाऱ्या खोलींत, म्हणजे डार्करूममध्यें, तो ब्रोमाइड कागदावर छापणें. दुसरा, स्कॅनरनें निगेटिव्हची संगणकीय प्रत करून ती यंत्रावर छापून घेणें. या दोहोंपैकीं कोणता मार्ग पत्करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न निघाला कीं घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, हातानें केलेल्या फोटोची सर यंत्राला यावयाची नाहीं. तरुण मंडळी म्हणतात, आतां हा द्राविडी प्राणायाम कशाला? पण जुनें चांगलें कीं नवें चांगलें, या वादांत निगेटिव्ह तशीच डब्यांत पडून राहते. माझ्या मतें तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे निवड सोपी होते: निगेटिव्ह कोणत्या स्थितींत आहे, फोटो कशासाठीं हवा आहे, आणि तो किती जणांना हवा आहे. मात्र कोणताहि मार्ग घेतला तरी एक पथ्य सारखेंच आहे. काम झालें म्हणून निगेटिव्ह फेंकून देतां कामा नये. तें कां, हें समजण्यासाठीं निगेटिव्ह म्हणजे काय हें प्रथम पाहूं.

इंग्लंडांत हेन्री फॉक्स टॅलबॉट यानें १८३५ सालीं लॅकॉक अ‍ॅबे येथील आपल्या घराच्या एका खिडकीचें चित्र कागदावर घेतलें. आज उपलब्ध असलेल्या निगेटिव्हमध्यें ती सर्वांत जुनी मानली जाते. उजेडाच्या जागीं काळें आणि सावलीच्या जागीं पांढरें, अशा या उलट्या चित्रावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढतां येतात, हा त्याच्या पद्धतीचा मोठा लाभ. त्याच सुमारास फ्रान्समध्यें डागेरनें शोधलेल्या रीतीनें चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्यावरून प्रती काढतां येत नसत. ही विद्या आपल्याकडेहि लौकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. पुढें कागद जाऊन काच आली, काच जाऊन फिल्म आली, तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें. कृष्णधवल निगेटिव्हमध्यें जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीचे सूक्ष्म कण असतात. जेथें उजेड अधिक पडला तेथें ते दाट, जेथें कमी पडला तेथें विरळ.

या दाट-विरळपणांत इतक्या छटा सांठविलेल्या असतात कीं एकाच कागदावर त्या सर्व नीट उतरविणें कठीण जातें. छपाई करणाराला कांहीं छटा पुढें आणाव्या लागतात, कांहीं मागें ठेवाव्या लागतात. गवयाची चीज तीच असते, पण बैठकीगणिक ती निराळी रंगते, तसाच हा प्रकार आहे. अँसेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानें १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचें चित्र घेतलें आणि त्या एका निगेटिव्हवरून तो पुढें अनेक वर्षें प्रिंट काढीत राहिला. आरंभींच्या प्रिंटमध्यें आकाश उजळ आहे. नंतरच्या प्रिंटमध्यें तेंच आकाश जवळजवळ काळें आहे. मूळ निगेटिव्ह हातीं होती म्हणूनच हा फेरविचार शक्य झाला.

आतां अंधाऱ्या खोलींतील रीत पाहूं. एन्लार्जर नांवाच्या यंत्रांत निगेटिव्ह ठेवून तिच्यांतून दिव्याचा उजेड भिंगावाटे खालच्या ब्रोमाइड कागदावर पाडतात. खोलींत तांबडा दिवा चालतो, कारण या कागदावर तांबड्या उजेडाचा परिणाम होत नाहीं. प्रथम कागदाच्या एका पट्टीवर कमी-अधिक सेकंद उजेड देऊन योग्य काळ ठरवितात. मग पूर्ण कागदावर तितका उजेड देऊन तो डेव्हलपरमध्यें बुडवितात आणि पांढऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटूं लागतो. नंतर सौम्य आम्लाच्या पाण्यांत डेव्हलपरची क्रिया थांबवून, हायपोमध्यें चित्र पक्कें करून, शेवटीं कागद वाहत्या पाण्यांत धुतात. उजेड देत असतां आजोबांचा चेहरा काळवंडत असेल, तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची टिकली मध्यें धरून तेवढ्या भागाचा उजेड अडवितात. पागोटें अगदींच पांढरें येत असेल, तर पुठ्ठ्याच्या भोंकांतून त्याच जागीं अधिक उजेड देतात. हें सारें हातानें होत असल्यामुळें एकाच माणसानें काढलेल्या दोन प्रिंटहि तंतोतंत सारख्या नसतात.

या मार्गाला वेळ आणि पाणी भरपूर लागतें. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसवर असावा लागतो. वैशाखांत आपल्याकडे नळाचें पाणी याहून कितीतरी ऊन असतें, म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्यांत ठेवावा लागतो. प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद कांहीं मिनिटांत धुऊन होतो, पण ज्याला फायबर म्हणतात तो साधा कागद तासभर धुवावा लागतो. धुण्यांत कसूर झाली तर मागें राहिलेला हायपो कांहीं वर्षांनीं चित्रावर पिंवळे डाग पाडतो. नीट धुतलेली फायबर प्रिंट मात्र चांगल्या जागीं ठेवली तर शंभर वर्षेंहि टिकूं शकते. एके काळीं उटकमंड येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदु’ छापाचा कागद आपल्या देशांत होत असे. तो कारखाना आतां बंद आहे. कागद परदेशांतून मागवावा लागतो आणि तो महाग पडतो.

स्कॅनरची रीत निराळी. तो निगेटिव्हच्या आरपार उजेड टाकून प्रत्येक बिंदूची दाटी मोजतो आणि ती आंकड्यांत लिहून ठेवतो. मोजणी किती बारीक, हें इंचामागें किती बिंदू यावरून सांगतात. येथें थोडें गणित करूं. नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील एक चित्र २४ × ३६ मिलिमीटर असतें. इंचामागें २४०० बिंदू घेतले तर त्यांतून सुमारें २२७० × ३४०० बिंदू मिळतात. छापतांना इंचामागें ३०० बिंदू धरले, तर साधारण साडेसात × सव्वाअकरा इंचांचा फोटो उत्तम निघतो. पूर्वीं अनेक घरांत असलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याची निगेटिव्ह सुमारें सहा सेंटिमीटर चौरस असे. तिच्यावरून याच हिशेबानें सतरा इंचांहून मोठा चौरस फोटो होतो. मात्र त्या साध्या कॅमेऱ्याच्या भिंगानें जें टिपलेंच नाहीं तें स्कॅनरला आणतां येणार नाहीं. तसेंच स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला आंकडा पुष्कळदां प्रत्यक्षांत मिळणाऱ्या बारकाव्याहून मोठा असतो. म्हणून एक निगेटिव्ह आधीं नमुना म्हणून देऊन पाहावी.

आणखी एका गोष्टीची सावधगिरी ठेवावी. धूळ आपोआप काढून टाकण्याची सोय कांहीं स्कॅनरमध्यें असते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर चालते. रंगीत निगेटिव्हमधील रंगद्रव्यांतून हे किरण पार जातात, धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवितात, आणि त्यावरून यंत्र दोष ओळखतें. कृष्णधवल निगेटिव्हमध्यें चांदीच हे किरण अडविते. मग यंत्र चित्रालाच दोष समजून पुसूं लागतें. तेव्हां कृष्णधवल काम देतांना ही सोय बंद ठेवण्यास सांगावें आणि धूळ रबरी फुंकणीनें आधींच काढावी.

आतां निवड. निगेटिव्ह कृष्णधवल व निर्दोष आहे, दिवाणखान्यांत लावण्यासाठीं एकच मोठा फोटो हवा आहे आणि डार्करूमचें काम जाणणारा माणूस गांवांत आहे, तर अंधाऱ्या खोलीचा मार्ग घ्यावा. कागदाच्या थरांतील चांदीनें बनलेली ती प्रिंट घरांत पिढ्यान् पिढ्या राहूं शकते. उलट निगेटिव्हवर ओरखडे असतील, बुरशीचे ठिपके असतील, किंवा ती रंगीत असून रंग उडालेला असेल, तर स्कॅन करावा. रंगीत निगेटिव्हमधील तीन रंगद्रव्यें सारख्या गतीनें फिकीं होत नाहींत. हा बिघाड संगणकावर बराच सावरतां येतो, अंधाऱ्या खोलींत तें फार कठीण. पुण्याचा भाऊ, नागपूरची बहीण आणि परदेशीं गेलेला मुलगा अशा सर्वांना फोटो हवा असेल, तरीहि स्कॅनच सोयीचा. मात्र तो छापून घेतांना शाई व कागद कोणता हें विचारावें; पिगमेंटची शाई साध्या रंगाच्या शाईहून पुष्कळ अधिक टिकते. निगेटिव्ह शेंकड्यांनीं असतील तर मधला मार्ग उत्तम: सर्व स्कॅन कराव्या आणि त्यांतून निवडलेल्या चार-पांचांच्याच प्रिंट डार्करूममध्यें काढाव्या.

एका बाबतींत मात्र विचार करीत बसण्यास वेळ नसतो. पाकीट उघडतांच शिरक्यासारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजूं लागली असें समजावें. यांत सुटणारें आम्ल पुन्हां तीच क्रिया वाढवितें, आणि मुंबई-कोंकणच्या उष्ण व दमट हवेंत ती अधिकच वेगानें चालते. फिल्म आखडते, तिला सुरकुत्या पडतात, आणि मग ती एन्लार्जरमध्येंहि सपाट बसत नाहीं व स्कॅनरवरहि नाहीं. अशा निगेटिव्ह इतरांपासून ताबडतोब वेगळ्या कराव्या आणि प्रथम त्याच स्कॅन करून घ्याव्या. बुरशी आली असेल तर पाण्यानें धुऊं नये. बुरशीनें मऊ झालेलें जिलेटिन चित्रासकट निघून येतें.

स्कॅन झाला म्हणून पुष्कळ लोक निगेटिव्ह केरांत टाकतात. पण स्कॅनमध्यें त्या दिवशीं त्या यंत्रानें जेवढें मोजलें तेवढेंच असतें. उद्यां अधिक चांगलें यंत्र आलें तरी त्यापुढें ठेवण्यास मूळ उरत नाहीं. शिवाय संगणकाची तबकडी एखाद्या दिवशीं पूर्वसूचना न देतां बंद पडते. याच्या उलट, केवळ मुळावर भिस्त ठेवण्यांतहि धोका आहे. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील नायट्रेट फिल्मच्या सांठ्यास आग लागली आणि प्रभातच्या काळांतील चित्रपटांचीं कित्येक रिळें जळाली. ज्या चित्रपटांची प्रत आधीं दुसरीकडे उतरविलेली होती तेच मागें राहिले. घरच्या डब्यासहि हाच न्याय लागू आहे. निगेटिव्ह राखावी, स्कॅनच्या निदान तीन प्रती असाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरीं असावी. निगेटिव्ह पीव्हीसीच्या पिशव्यांत न ठेवतां आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, सिलिका जेलची पुडी घालून, थंड व कोरड्या जागीं ठेवाव्या. स्वयंपाकघराच्या भिंतीलगतचा कप्पा आणि पत्र्याखालचा माळा टाळावा.

शेवटीं एक काम असें आहे कीं त्यासाठीं कोणत्याच यंत्राची गरज नाहीं. फोटोंतील माणसें कोण, प्रसंग कोणता, गांव कोणतें, हें ओळखणारीं वडील माणसें घरांत आहेत तोंवर त्यांना जवळ बसवून विचारून घ्यावें आणि पाकिटावर पेन्सिलीनें लिहावें. लिहिल्यावरच निगेटिव्ह आंत ठेवावी. आत्याबाईंच्या लग्नांत मागें उभी असलेली ती मुलगी कोण, हें त्या स्वतः सांगूं शकतात. पुढच्या पिढीस तें कोणी सांगणार नाहीं. येत्या रविवारीं डबा खालीं काढावा, एकच पाकीट उघडावें, आणि आरंभ तेथून करावा.