जयपूरची प्रेसबिटेरियन मंडळी : पाळक कोणी निवडावा?

कोणत्याही धर्मसंस्थेत एका गुरूनंतर दुसरा गुरू कोणी नेमावा, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो; वस्तुतः तो अधिकाराचा प्रश्न असतो. मठात गुरू आपल्या हयातीतच शिष्याला गादी देतो, अनेक देवस्थानांत पुजाऱ्याचा मुलगा पुजारी होतो, तर रोमन कॅथलिक पंथात बिशप धर्मगुरूची नेमणूक करतो. प्रेसबिटेरियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाने या प्रश्नाचे निराळे उत्तर दिले. पाळक निवडण्याचा हक्क मंडळीचा, म्हणजे त्या चर्चमध्ये उपासनेसाठी जमणाऱ्या सभासदांचा आहे, असे या पंथाचे म्हणणे. स्कॉटलंडमध्ये हा हक्क दीर्घ संघर्षानंतर प्रस्थापित झाला. पुढे त्याच पंथाचे लोक राजपुतान्यात आले आणि जयपूर येथे त्यांनी आपले केंद्र उघडले. परंतु येथील मंडळीच्या हाती हा हक्क तितक्या सहजपणे आला नाही. त्याची कारणे समजण्यासाठी प्रथम या पंथाची घडण पाहिली पाहिजे.

वडिलांचा पंथ

‘प्रेसबुटेरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ज्येष्ठ किंवा वडील असा आहे. त्यावरूनच पंथाला हे नाव मिळाले. प्रत्येक मंडळी आपल्यातील काही अनुभवी सभासदांना ‘वडील’ म्हणून निवडते. स्कॉटलंडच्या परंपरेत वडीलपद हे तहहयात असते. पाळक आणि वडील मिळून जी सभा होते तिला सेशन म्हणतात. सभासदांची नोंद ठेवणे, त्यांच्या वर्तनाकडे लक्ष देणे आणि प्रभुभोजनाची व्यवस्था पाहणे ही सेशनची कामे होत. जवळपासच्या अनेक मंडळ्यांचे पाळक व प्रत्येक मंडळीचा एखादा वडील यांची मिळून प्रेसबिटरी बनते. तिच्यावर सिनॉड आणि सर्वांत वर साधारण सभा असते.

या रचनेत बिशप नाही. एका व्यक्तीच्या हाती दुसऱ्या पाळकांवरील अधिकार देण्याऐवजी तो सभांच्या हाती देण्यात आला आहे. सेशनमध्ये पाळक अध्यक्ष असला तरी त्याच्याभोवती बसलेले वडील संख्येने अधिक असतात. पाळक येतात आणि जातात. वडील मात्र त्याच गावात, त्याच बाकांवर वर्षानुवर्षे बसलेले असतात. मंडळीची स्मृती त्यांच्यापाशी असते.

जागा रिकामी होते तेव्हा

पाळक निवृत्त झाला, मरण पावला किंवा दुसऱ्या मंडळीने त्याला बोलावून घेतले, म्हणजे पुढील कार्यवाही ठरलेल्या क्रमाने होते. प्रेसबिटरी त्या मंडळीची जागा रिकामी झाल्याचे विधिपूर्वक जाहीर करते. सेशनची सभा अध्यक्षावाचून भरू शकत नाही. म्हणून शेजारच्या एखाद्या पाळकाला तात्पुरता अध्यक्ष नेमण्यात येते. मधल्या काळात रविवारची उपासना कधी हा अध्यक्ष, कधी एखादा निवृत्त पाळक, तर कधी मंडळीतीलच एखादा वडील चालवितो.

त्यानंतर सभासदांची यादी तपासली जाते, कारण मत देण्याचा हक्क पूर्ण सभासदांनाच असतो. उमेदवार मंडळीपुढे उपदेश करतात. मंडळी त्यांचे वाचन, प्रार्थना आणि विवेचन ऐकते व मत देते. ज्याची निवड होते त्याच्या नावे ‘पाचारणपत्र’ लिहिले जाते आणि त्यावर सभासद सह्या करतात. आम्ही तुमचे ऐकू, तुम्हाला मान देऊ आणि तुमच्या निर्वाहाची तरतूद करू, असा या पत्राचा आशय असतो. निर्वाहाची ही तरतूद म्हणजे केवळ सौजन्य नव्हे. पाचारणाचा तो अविभाज्य भाग आहे. प्रेसबिटरी पत्र तपासून मान्य करते. उमेदवार अदीक्षित असल्यास प्रेसबिटरीतील पाळक त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला दीक्षा देतात व नंतर त्याला मंडळीत स्थापन करतात.

थोडक्यात, मंडळी बोलावते आणि प्रेसबिटरी दीक्षा देते. दोहोंपैकी एकाही गोष्टीशिवाय पाळक होत नाही. मंडळीची आवड आणि व्यापक चर्चची शिस्त यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. पाळक बदलला तरी मंडळी विस्कटू नये, हा त्यामागील हेतू होय.

स्कॉटलंडमधील झगडा

ही व्यवस्था कागदावर जितकी सुबक आहे तितकी ती स्कॉटलंडमध्ये सहजपणे रुजली नाही. १७१२ च्या एका कायद्याने पाळकाचे नाव सुचविण्याचा हक्क गावच्या जमीनदाराला किंवा राजसत्तेला देण्यात आला. गावाला नको असलेला पाळक जमीनदाराच्या मर्जीने गावावर लादला जाऊ लागला. या वादातून १७३३ मध्ये एबेनेझर अर्स्किन आणि त्यांचे सहकारी मूळ चर्चमधून बाहेर पडले. पुढे टॉमस गिलेस्पी या पाळकाने लोकांचा विरोध असलेल्या पाळकाच्या स्थापनेत भाग घेण्याचे नाकारले, म्हणून १७५२ मध्ये त्यालाच पदच्युत करण्यात आले. त्याच्या पुढाकाराने १७६१ मध्ये आणखी एक स्वतंत्र पंथ उभा राहिला. हे दोन प्रवाह १८४७ मध्ये एकत्र येऊन ‘युनायटेड प्रेसबिटेरियन चर्च’ स्थापन झाले.

मूळ चर्चमध्येही असंतोष धुमसतच होता. १८३४ मध्ये ऑक्टरार्डर या गावी जमीनदाराने सुचविलेल्या उमेदवाराच्या पाचारणपत्रावर गावातील केवळ दोन कुटुंबप्रमुखांनी सह्या केल्या. अडीचशेहून अधिक कुटुंबप्रमुखांनी विरोध नोंदविला. तरीही न्यायालयांनी जमीनदाराचाच हक्क उचलून धरला. अखेर १८४३ मध्ये टॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेहून अधिक पाळकांनी आपली घरे व वेतने सोडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. जमीनदारांचा हा हक्क रद्द होण्यास १८७४ साल उजाडावे लागले.

या घटनेचे पडसाद मुंबईतही उमटले. १८२९ मध्ये मुंबईस आलेले जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चला मिळाले आणि त्यामुळे आपल्या विद्यालयासाठी उभी राहत असलेली नवी इमारत त्यांना सोडून द्यावी लागली. स्कॉटलंडमधील एका खेड्याने पाळक निवडावा की जमीनदाराने, या वादापायी मुंबईतील एका शाळेचे छप्पर गेले.

जयपुरातील आरंभ

१८५७ च्या उठावानंतर युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चने राजपुतान्यात काम सुरू करण्याचे ठरविले. विल्यमसन शूलब्रेड व टॉमस स्टील हे दोघे १८५९ मध्ये निघाले. राजपुतान्याच्या या प्रवासात त्यांच्याबरोबर मुंबईचे विल्सन होते. वाटेतच स्टील मृत्यू पावले आणि १८६० मध्ये शूलब्रेड यांनी ब्यावर येथे पहिले केंद्र उघडले. ब्यावर ब्रिटिश मुलखात होते. संस्थानी मुलखात प्रवेश मिळणे अधिक कठीण होते.

जयपूरचे दार उघडले ते उपदेशकाने नव्हे, तर वैद्याने. वैद्यकीय मिशनरी कॉलिन व्हॅलेंटाइन १८६६ मध्ये जयपूरमार्गे जात असता महाराजा सवाई रामसिंह (द्वितीय) यांच्या आजारी राणीवर उपचार करण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. त्या उपचारांमुळे महाराजांची मर्जी संपादन होऊन त्यांना राजवैद्य म्हणून ठेवून घेण्यात आले आणि मिशनचे काम करण्याची मोकळीकही मिळाली. पुढे व्हॅलेंटाइन यांनी आग्रा येथे १८८१ मध्ये वैद्यकीय मिशनऱ्यांच्या शिक्षणाची संस्था सुरू केली. जयपूरला नंतर काम केलेल्यांत जॉन ट्रेल यांनी दादूपंथाचा अभ्यास केला, तर जॉर्ज मॅकॅलिस्टर यांनी जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने गोळा करून १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात या सामग्रीचा उपयोग करण्यात आला.

या परंपरेकडे पाहता एक गोष्ट वाचकाच्या ध्यानात येईल. वैद्य, दादूपंथाचा अभ्यासक, बोलींचा संग्राहक अशी ही माणसे गुणांनी भिन्न होती. परंतु त्यांपैकी एकासही जयपूरच्या मंडळीने बोलावले नव्हते. एकाचा प्रवेश महाराजांच्या अनुमतीने झाला आणि सर्वांची नेमणूक एडिंबरो येथील समितीने केली. आरंभी दुसरे काही शक्यही नव्हते, कारण बोलावण्यासाठी मंडळीच अस्तित्वात नव्हती. प्रश्न उद्भवतो तो मंडळी निर्माण झाल्यानंतरचा.

वेतन देणारा आणि निवडणारा

राजपुतान्यातील मंडळ्यांच्या वाढीत दुष्काळांचा मोठा वाटा आहे. १८६८-६९ च्या आणि विक्रम संवत १९५६ मधील, म्हणजे १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात अनेक अनाथ मुले मिशनच्या आश्रयास आली. तीच पुढे मिशनच्या शाळांत शिक्षक, दवाखान्यांत मदतनीस, छापखान्यात कामगार झाली. अशा मंडळीत सभासद मिशनचा नोकर, वडील मिशनचा नोकर आणि देशी पाळकही मिशनचाच पगारी असे. कागदोपत्री त्यांना मताचा हक्क होता. परंतु पाचारणपत्रातील निर्वाहाचे वचन ते स्वतःच्या बळावर देऊ शकत नव्हते.

युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चचा उदयच मुळी जमीनदाराच्या नेमणुकीला विरोध करण्यातून झाला होता. चर्चने सरकारी मदत घेऊ नये, जे उपासना करतात त्यांनीच खर्च सोसावा, असा त्या पंथाचा आग्रह होता. त्याच पंथाची राजपुतान्यातील मंडळी दूरदेशीच्या निधीवर अवलंबून राहिली, आणि स्कॉटलंडमध्ये जी जागा जमीनदाराची होती ती येथे नकळत मिशनकडे आली. ज्याच्या हातून वेतन मिळते त्याच्या मताला वजन येते, मग तो कितीही सद्हेतूने वागो.

हा अनुभव जयपूरपुरता मर्यादित नव्हता. मुंबईत विल्सन यांनी १८३१ मध्ये प्रेसबिटेरियन पद्धतीची देशी मंडळी स्थापन केली. तेथून धनजीभाई नौरोजी आणि नारायण शेषाद्री यांसारखे दीक्षित देशी पाळक पुढे आले. शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. मराठीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या ‘यमुनापर्यटन’चे लेखक बाबा पदमनजी यांना १८६७ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली व त्यांनी पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे काम पाहिले, पुढे ते पूर्णतः लेखन-संपादनाकडे वळले. विद्वत्तेची किंवा निष्ठेची उणीव या पाळकांत नव्हती. उणीव होती ती अशा मंडळीची, जी आपल्या मिळकतीतून पाळकाला पोसू शकेल आणि म्हणून त्याला स्वतःचा म्हणू शकेल. अमेरिकन मिशनचे रुफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये भारतातील केंद्रे पाहून देशी मंडळ्यांना देशी पाळक द्यावेत व त्यांना स्वावलंबी करावे असा आग्रह धरला, तो याच कारणाने.

मिझोराममध्ये हा पेच निराळ्या रीतीने सुटला. तेथील घरोघरच्या स्त्रिया स्वयंपाक करताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढून ठेवतात. ‘बुहफाइ थम’ या नावाची ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. या मुठीमुठींतून मोठा निधी उभा राहतो. तेथील पाळकांची नेमणूक सिनॉड करते. एकेकटी मंडळी नव्हे. तथापि सिनॉडचा पैसा तेथल्याच लोकांचा असल्यामुळे तिचा निर्णयही परक्याचा ठरत नाही.

बिशपांचे आगमन

विसाव्या शतकात या मंडळ्यांचे वरचे छत्र वारंवार बदलले. स्कॉटलंडमध्ये १९०० साली युनायटेड प्रेसबिटेरियन आणि फ्री चर्च यांचा संयोग झाला व १९२९ मध्ये ते संयुक्त चर्च ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’मध्ये मिळाले. भारतात १९०४ मध्ये विविध प्रेसबिटेरियन मिशनांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि १९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांसह ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ अस्तित्वात आले. स्वातंत्र्यानंतर मिशनचे अधिकार टप्प्याटप्प्याने भारतीय चर्चकडे आले. नंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या संयोगाने ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली.

या नव्या चर्चमध्ये अँग्लिकन परंपरेचाही समावेश असल्याने बिशपपद आले. प्रेसबिटेरियनांनी ते स्वीकारले. मात्र बिशपाने सभांच्या सल्ल्याने व घटनेनुसार काम करावे, असे ठरले. पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या डायोसीजच्या पातळीवर होऊ लागल्या. लहान मंडळीला याचा लाभ असा की, तिला पाळकावाचून फार काळ राहावे लागत नाही आणि एकटीच्या बळावर वेतनही उभे करावे लागत नाही. तोटा हा की, ज्या पाचारणपत्रासाठी पूर्वजांनी चर्च सोडले त्याचे महत्त्व उरले नाही. या चर्चमध्ये दीक्षित पाळकाला ‘प्रेसबिटर’ म्हणतात. मूळचा वडिलांचा शब्द असा पाळकाच्या नावात टिकून राहिला आहे.

पाळकांच्या परंपरेचा इतिहास सामान्यतः नावांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. पुष्कळ चर्चच्या भिंतीवर तशी पाटीही असते. त्या पाटीवर पाळक केव्हा आला आणि केव्हा गेला हे कळते. त्याला कोणी बोलावले आणि त्याचा निर्वाह कोणी चालविला, हे मात्र तीवर लिहिलेले नसते. मंडळी परकीय आश्रयाखाली वाढली की स्वतःच्या पायांवर उभी राहिली, याचा निर्णय याच दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून होतो. एखाद्या रविवारी पाळकाची जागा रिकामी असता एखादा वडील उठून शास्त्रवाचन करतो, सभासद नेहमीप्रमाणे आपापल्या जागी बसतात आणि दानाची थैली फिरते, तेव्हा मंडळी पाळकावाचूनही मंडळीच असते. पुढचा पाळक निवडण्याचा हक्क तिचा आहे, या प्रेसबिटेरियन विचाराचा पाया हाच होय.