मुदत टळली तरी…

नाशिक रोडला १९२५ साली तिकिटांचा आणि १९२८ साली नोटांचा सरकारी छापखाना निघाला, आणि कित्येक घरांच्या चुली त्यांवर पेटू लागल्या. पण सरकारी यंत्रालाही कागद आणि माणसाचे बोट यांतला फरक कळत नाही!

समजा, एखाद्याचा हात यंत्रात सापडला. ‘साहेब काय म्हणतील’ म्हणून तो गप्प बसतो. दुखणे पुढे बळावते. मग भरपाई मागावी, तर मुदत टळलेली!

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा सरकारी खात्यांच्या कामालाही लागू होता. दाव्याला आरंभी सहाच महिने होते. पुढे ती मुदत दोन वर्षांची झाली. शिवाय कायद्याने एक दार मुद्दाम उघडे ठेवले होते. उशिराचे कारण पुरेसे आहे असे आयुक्तांना पटले, तर मुदतीनंतरचा दावाही ते ऐकू शकत. मालकाला अपघात ठाऊक असेल, तर केवळ नोटीस दिली नाही म्हणून दावा बुडत नसे.

पण कारण पटवायला पुरावा हवा. तेव्हा वाचकहो, घरातले कोणी कामावरून हाताला पट्टी बांधून आले, तर दवाखान्याची चिठ्ठी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. उद्या तीच साक्षीला उभी राहील.