खायचा तांदूळ, विकायचा तांदूळ

थायलंडचं गावशिवार : लेखांक 4

गेल्या आठवड्यात आपण चाओ फ्राया नदीच्या सखल मैदानात होतो. कालव्याचं बारमाही पाणी आणि वर्षाला दोन पिकं असा तो मुलूख. जगाला तांदूळ विकणारा थायलंड म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हाच भाग. पण पावसाळी भाताखालची देशातली निम्म्याहून अधिक जमीन ईशान्येला, इसान प्रांतात आहे आणि तिथल्या बहुतेक खाचरांना आभाळाखेरीज दुसरं पाणी नाही. थाई शेतकऱ्याचं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर इसानला गेल्याशिवाय भागत नाही.

इसानमधलं सर्वसाधारण कुटुंब पंधरा-वीस रै जमीन कसतं. रै हे तिकडचं माप. एक रै म्हणजे आपले जवळपास सोळा गुंठे. म्हणजे सहा ते आठ एकर झाले, आणि ते ऐकायला बरे वाटतात. पण उतारा रैला साडेतीनशे किलो भाताच्या आसपास, आणि तोही वर्षातून एकदाच. एवढ्याशा उत्पन्नाचेही पेरण्याआधीच दोन वाटे ठरलेले असतात. काही खाचरं घरात खायच्या तांदळाची, बाकीची बाजारात विकायच्या तांदळाची. दोन्हींचं बियाणं वेगळं, दोन्हींची साठवण वेगळी, आणि दोन्हींबद्दलची माणसांची भावनाही वेगळी.

खायचा तांदूळ चिकट असतो, खाओ निआओ. साध्या तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात. त्यांतला दाणे मोकळे ठेवणारा अमायलोज या तांदळात जवळजवळ नसतोच. त्यामुळे हा पातेल्यात पाणी घालून शिजवत नाहीत. रात्री भिजत घालायचा, पहाटे उपसून बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरायचा आणि अरुंद गळ्याच्या भांड्यावर ती टोपली बसवून नुसत्या वाफेवर शिजवायचा. मध्ये एकदा टोपली झटकून सगळा गोळा उलटा करतात, म्हणजे वरचे दाणेही शिजतात. झाल्यावर लाकडी परातीत पसरून त्यातली जादा वाफ घालवतात आणि झाकणाच्या विणलेल्या डब्यात, क्रातिपमध्ये, भरून ठेवतात. बांबूच्या विणीतून हवा खेळते म्हणून भात घामेजत नाही आणि वाळतही नाही. सकाळी भरलेला क्रातिप खांद्याला लावून शेतावर नेला की दुपारीही भात मऊच असतो. बोटांनी लहानसा गोळा करायचा, तिखट चटणीत किंवा कालवणात बुडवायचा आणि खायचा. पहाटे भिक्षेला आलेल्या भिक्खूंच्या पात्रातही याच भाताचे गोळे पडतात. मुंबई-पुण्यात थाई जेवण म्हणून नारळाच्या दुधातली करी आणि मोकळा भात मिळतो. इसानच्या खेड्यातलं रोजचं ताट त्याहून फार वेगळं आहे.

विकायचा तांदूळ म्हणजे होम मली, आपल्याकडच्या दुकानांत ‘जस्मिन राइस’ म्हणून येतो तो. त्याची कथा मुळात इसानची नाही. 1950च्या सुमारास शेतीखात्याच्या एका अधिकाऱ्याने बँकॉकच्या पूर्वेकडच्या बांग ख्ला भागातून 199 लोंब्या गोळा केल्या. एकेका लोंबीची एकेक ओळ लावून निवड झाली. त्यात 105 नंबरची ओळ सरस ठरली आणि 1959 साली ‘खाओ दोक मली 105’ या नावाने ती शेतकऱ्यांना मिळाली. पुढे याच वाणाच्या बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा करून शास्त्रज्ञांनी त्याचा चिकट भाऊ घडवला, तो 1977 साली ‘आरडी 6’ म्हणून आला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सारी प्रयोगांतून घडलेला टॅग-24 भुईमूग आपल्याकडे शेतोशेत पोचला, तसाच हा. आज इसानमध्ये एका बांधाच्या अलीकडे दोक मली विकायला आणि पलीकडे आरडी 6 खायला असतो. दोघांचं मूळ बियाणं एकच.

होम मलीला जो वास आहे, तो बासमतीत आणि आपल्या आंबेमोहोरातही असलेल्या एकाच सुगंधी द्रव्याचा. हा वास सर्वांत चांगला उतरतो तो थुंग कुला रोंगहाइ नावाच्या माळावर. रोई एत, सुरिन, सिसाकेत, यासोथोन आणि महासारखाम अशा पाच जिल्ह्यांत मिळून वीस लाख रैंचा हा सपाट, उघडा माळ. कुला नावाचे कसलेले फिरते व्यापारी हा माळ ओलांडताना रडले, अशी लोककथा आहे आणि माळाचं नावही त्यावरूनच पडलं. जमीन रेताड आणि खारवट. इसानच्या पठाराच्या पोटात मिठाचे थर आहेत. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खार फुटते, आणि पूर्वी बायका ती खरवडून, उकळून घरचं मीठ करायच्या. पाऊस आकड्यांत कमी नाही, पण जून-जुलैत तो हमखास ओढ देतो आणि रेताड खाचरात पाणी ठरत नाही. या ताणातच दाण्यात वास भरतो. 2013 साली युरोपीय संघाने इथल्या तांदळाला भौगोलिक मानांकन दिलं. मात्र ज्या जमिनीमुळे वास येतो, त्याच जमिनीमुळे उतारा पडतो. दुकानात या तांदळाला चढा भाव देणाऱ्या गिऱ्हाईकाला ही दुसरी बाजू सहसा ठाऊक नसते.

या वाणाचा आणखी एक स्वभाव आहे, आणि सगळ्या गावाचं वेळापत्रक त्याने बांधलेलं आहे. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो निसवत नाही. मे महिन्यात पेरा नाहीतर जुलैत, ऑक्टोबर उलटत आला की सगळ्या शिवाराला एकदम लोंब्या येतात आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सगळं एकदम कापणीला येतं.

पूर्वी ही घाई माणसांनी पेलली. लावणीला आणि कापणीला इरजिक असायचं. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, आणि ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. विळ्याने कापलेल्या पेंढ्या बांबूच्या कामट्यांनी बांधून शेणाने सारवलेल्या खळ्यावर झोडपायच्या. आता चिखलणी करून रोपं लावणारे हात गावात उरले नाहीत. तरुण मुलं बँकॉकला, रयोंग आणि चोनबुरीच्या कारखान्यांत. त्यामुळे बरेच जण कोरड्या जमिनीत भात फोकून मोकळे होतात. बियाणं जास्त लागतं, तण माजतं, पण एक माणूस आणि एक ट्रॅक्टर एवढ्यावर पेरणी उरकते. म्हशीची जागा हातट्रॅक्टरने घेऊन पिढी लोटली. लोकांनी त्याचं नावही ‘लोखंडी म्हैस’ ठेवलं. कापणीला हार्वेस्टर येतो आणि रैमागे पाच-सहाशे बाट घेतो.

हार्वेस्टरमधून भात ओला निघतो, पंचवीस टक्क्यांहून अधिक ओल असते. गिरणीचा भाव पंधरा टक्क्यांवर ठरलेला, म्हणून ओल्या भाताला कापून भाव मिळतो. ज्याला निकड आहे तो शेताच्या बांधावरच आडत्याच्या ट्रकमध्ये भात ओततो. ज्याला चार दिवस थांबता येतं तो वाळवतो. नोव्हेंबरच्या अखेरीला इसानमध्ये गाडीने गेलं तर रस्त्याची एक बाजू सोनेरी दिसते. निळ्या नायलॉन जाळ्या अंथरून त्यावर बोटभर जाडीचा भात पसरलेला असतो. देवळाच्या आवारात, शाळेच्या पटांगणातही तेच. डोक्याला कापड गुंडाळलेल्या म्हाताऱ्या बायका लाकडी दंताळ्याने चर पाडत फिरतात, खालचा थर वर घेतात. संध्याकाळी ढीग करून वर ताडपत्री घालतात. दंताळं धरणारे हात बहुतेक साठीच्या पुढचे असतात, हे पाहिलं की थाई शेतीबद्दलचे अहवाल वाचायची गरज राहत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा पंधरा रैंपैकी पाच रै खायला गेले आणि दहा रैंमध्ये साडेतीन टन होम मली आला. भाव टनाला बारा ते पंधरा हजार बाट. हाती पंचेचाळीस-पन्नास हजार. त्यातून हार्वेस्टर, नांगरणी, खत आणि बियाणं वजा करा. कारखान्यातली किमान मजुरी 2023 साली दिवसाला साडेतीनशे बाटच्या आसपास होती, त्या हिशेबाने शहरातल्या मुलीची पाच-सहा महिन्यांची कमाई या अख्ख्या विक्रीच्या बरोबरीला येते, तेही खर्च वजा करण्याआधीच्या. शेतीवर घर चालतं आणि मुलं शहरातून थोडी भर घालतात, असं आपण धरून चालतो. इसानमध्ये बऱ्याच घरांत मुलांच्या पैशावर शेती चालते. खताचं बिल आणि शेती बँकेच्या कर्जाचा हप्ता बँकॉकहून येतो. काहींचा तर इस्रायलमधून: तिथल्या शेतांवर राबणारे हजारो थाई मजूर मुख्यतः याच पठारावरचे, आणि 7 ऑक्टोबर 2023च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या, ओलीस धरल्या गेलेल्या थाई माणसांच्या घरच्यांनी टाहो फोडला तो याच खेड्यांत. स्वतःची जमीन गावी असताना दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या युद्धात जीव जावा, याहून मोठी शोकांतिका शेतकऱ्याची कुठली असेल?

मग शेती सोडून का देत नाहीत? याचं उत्तर खायच्या तांदळात आहे, आणि घराच्या रचनेतही. इसानमध्ये लग्नानंतर जावई सासरी राहायला येतो. थोरल्या मुली पुढे वेगळं घर थाटतात, धाकटी मुलगी आईबापांपाशी राहते, त्यांना सांभाळते आणि घर तिला मिळतं. त्यामुळे मुलगी आणि जावई शहरात गेले तरी नातवंडं आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्याच हाताखाली वाढतात. खांबांवर उभ्या घराच्या खालच्या सावलीत आजीचा माग असतो, झोपाळा असतो, नातवंडांचा अभ्यासही तिथेच. कारखाना बंद पडला तर परत यायला जागा आहे आणि खायला भात आहे, हा भरवसा त्या घराने दिलेला असतो. 1997च्या आर्थिक पडझडीत आणि 2020च्या टाळेबंदीत माणसं इकडेच परतली.

खाचर नुसता भातही देत नाही. पावसाळ्यात त्यात मरळ आणि मांगूर शिरतात, बेडूक आणि खेकडे मिळतात. उन्हाळ्यात आंब्याच्या झाडावरून लाल मुंग्यांची अंडी काढतात. जादा मासे मीठ आणि भाजलेला कोंडा लावून मातीच्या रांजणात महिनोन्‌महिने मुरवले की प्ला रा तयार होतं. पपईच्या सोम तामपासून साध्या चटणीपर्यंत इसानच्या जेवणाची चव त्यावर उभी आहे. पण याच माशांतून एक मोठं दुखणंही येतं. गोड्या पाण्यातले काही मासे कच्चे खाल्ले की यकृतात चपटे जंत शिरतात आणि वर्षानुवर्षांनी पित्तनलिकेचा कॅन्सर होतो. या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक इसानमध्ये आहे. खोन केन विद्यापीठातले डॉक्टर गावोगाव सोनोग्राफीची यंत्रं घेऊन फिरतात, शाळांतून मुलांना मासा शिजवून खायला शिकवतात. आजोबांची सवय मोडणं अवघड, म्हणून त्यांनी नातवंडांना हाताशी धरलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पावसावरच सगळं अवलंबून म्हटल्यावर देवधर्मही पावसाभोवती फिरणार. गावाच्या कडेला पूर्वजांच्या आत्म्यांसाठी राखलेली देवराई असते, तिथे पेरणीआधी कौल घेतात. मे महिन्यात बांबूचे अग्निबाण उडवून आभाळाला जाग आणतात. यासोथोनचा उत्सव त्यासाठी नावाजलेला. आणि पिकं घरात आल्यावर, चांद्र वर्षाच्या चौथ्या महिन्यात, बुन फावेत. वेस्संतर जातकातली तेरा प्रकरणं देवळात एका दिवसात वाचायची आणि जातकाची चित्रं रंगवलेला लांबलचक कापडी पट मिरवत गावात आणायचा. आपल्याला ही कथा अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेण्यात भिंतीवर भेटते. दानशूर राजपुत्र आपल्या राज्यातला पाऊस आणणारा पांढरा हत्ती दुष्काळी कलिंगाला देऊन टाकतो आणि प्रजा त्याला वनवासात धाडते. अजिंठ्यात आपण ती कलेचा ठेवा म्हणून पाहतो. इसानचा शेतकरी पावसाची वाट पाहणारा माणूस म्हणून ती ऐकतो. कथेतल्या प्रजेचा राग त्याला आपल्याहून लवकर कळत असणार.

सरकारनेही पाऊस पाडून पाहिला, पैशाचा. 2011 साली यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने भात बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने घ्यायचं ठरवलं: साधं भात टनाला 15,000 बाट, होम मली 20,000. इसानमध्ये आनंदीआनंद झाला. तांदूळ साठवून जगाचा भाव चढवायचा असा बेत होता. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये भारताने बिगर-बासमतीची निर्यात खुली केली आणि 2012 मध्ये निर्यातीतलं थायलंडचं पहिलं स्थान भारताकडे आलं. थाई गोदामं भरत गेली, सरकारचे पैसे संपले आणि 2014च्या सुरुवातीला भात देऊन बसलेले शेतकरी पैशांसाठी रस्त्यावर उतरले. मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली. या सगळ्यात फसला तो विकायचा तांदूळ. खायच्या तांदळाची कणगी त्या वर्षीही भरलेलीच होती, कारण तिच्यावर कुणा मंत्र्याचा हात पोचत नव्हता.

अजूनही जुन्या घरांत एक नियम पाळतात. होम मली नोव्हेंबरात, कधी ओलाच, कधी चार दिवस वाळवून, ट्रकमध्ये चढतो. चिकट भात मात्र घराशेजारच्या उंच लाकडी कोठारात जातो आणि पुढच्या वर्षीचं पीक लोंबीला येऊन दाणा भरेपर्यंत त्यातलं एक पोतंही विकायला निघत नाही. नवं पीक पदरात पडणार असं दिसलं, की मग उरलेलं जुनं भात बाजार पाहतं.

पुढच्या आठवड्यात दक्षिणेला, रबराच्या बागांत जाऊ. तिथली शेतकामं मध्यरात्रीनंतर, डोक्याला बॅटरी बांधून सुरू होतात.