८९ डेसिबलची पुस्तकं

मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकगायर यांनी २००५च्या ऑगस्टमध्ये एक आवाहन केलं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मोठ्याने वाचा, ध्वनिमुद्रित करा आणि सगळ्यांसाठी खुली ठेवा. स्वयंसेवकांनी प्रकरणं वाटून घेतली आणि जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ वाचून काढली. तिथून लिब्रिव्हॉक्स सुरू झालं. आज तिथल्या पुस्तकांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे.

लिब्रिव्हॉक्समध्ये आवाजाची परीक्षा होत नाही. उच्चार कुठल्याही प्रांताचे असोत, वाचन सपाट असो की नाट्यमय, कुणालाही नकार नाही. फाइल मात्र कसून तपासली जाते आणि या मोकळेपणाचा सगळा भार त्या तपासणीवरच आहे, असं मला वाटतं.

नवा वाचक आधी एक मिनिटाचा नमुना पाठवतो. मागची घरघर किती आणि आवाज पुरेसा आहे का, एवढंच त्यात पाहतात. पुढे प्रत्येक प्रकरणाला एकच साचा: एमपी-थ्री, १२८ किलोबिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता आणि शेवटी पाच सेकंद. प्रकरण अर्ध्या तासाहून मोठं असेल तर शेवटी दहा.

आणि आवाजाची पातळी ८९ डेसिबल. हा आकडा खोलीतल्या गोंगाटाचा नव्हे. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१मध्ये मांडलेल्या ‘रिप्लेगेन’ या मोजपट्टीतला तो आहे. माणसाच्या कानाला मधले स्वर जास्त जाणवतात, खूप खालचे कमी. ही मोजपट्टी ते धरून चालते. शिवाय वाक्यांमधल्या विरामांमुळे ती फसत नाही, कारण ती सरासरी काढत बसत नाही, मोठ्या आवाजाच्या तुकड्यांवरून पातळी ठरवते. एकाच कादंबरीची प्रकरणं दहा जणांनी दहा घरांत वाचलेली असतात. पातळी जुळलेली नसेल तर अंथरुणावर पडून ऐकणाऱ्याला दर प्रकरणाला उठून आवाज कमी-जास्त करावा लागेल.

पातळी थोडी चुकली तर दुरुस्ती सोपी असते. एमपी-थ्री फाइलचा आवाज पुन्हा एन्कोड न करता दीड डेसिबलच्या टप्प्यांनी वरखाली करता येतो. मूळ मुद्रणच फार हळू असेल तर ते वाढवताना पंख्याची घरघरही तितकीच वाढते. फार मोठं असेल तर लहरींचे माथे छाटले जातात आणि ते पुरते भरून येत नाहीत. घरघर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचा हात जड झाला तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. त्यापेक्षा पंखा बंद करून पुन्हा वाचलेलं बरं. विकल्या जाणाऱ्या ध्वनिपुस्तकांसाठी, उदाहरणार्थ ऑडिबल कंपनीच्या एसीएक्स या मंचावर, निकष आणखी कडक आहेत. तिथे मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या वर चालत नाही.

बिटरेट, पातळी, फाइलचं नाव हे ‘चेकर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम क्षणात सांगतो. पण वाचकाने एक वाक्य दोनदा वाचलं, पान उलटताना परिच्छेद निसटला, मधेच दाराची बेल वाजली, यातलं काहीच त्याला कळत नाही. त्यासाठी ‘प्रूफ-लिसनर’ असतो. तो प्रत्येक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मिनिट-सेकंदासह नोंद करतो. वाचनाच्या शैलीवर तो टीका करत नाही. दुरुस्ती झाली की ती जागा पुन्हा ऐकतो आणि मग ‘पीएल ओके’ लिहितो. पुस्तक प्रसिद्ध होण्याआधी प्रत्येक प्रकरणावर हा शेरा लागतो. या कामाला पैसा नाही आणि टाळ्याही नाहीत. मला यातलं सर्वांत मोठं काम तेच वाटतं.

मराठीतही हे करता येईल. कादंबरीकार हरि नारायण आपटे १९१९मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. त्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो’ असं वाटून घेऊन वाचण्याजोगं आहे. मराठी वाचकाने एक जपावं: ख, फ, भ म्हणताना सुटणारा वारा थेट माइकवर आदळतो, तेव्हा माइक ओठांसमोर न धरता थोडा बाजूला ठेवावा. मराठीसाठी चेकरमध्ये काहीच बदलावं लागणार नाही, त्याला भाषा कळतच नाही. ऐकणारा मात्र मराठीच हवा, आणि स्वतःचं वाचन स्वतः तपासायचं नसतं. तेव्हा वाचायला माणसं जमवताना ऐकणारेही आधीच शोधून ठेवावे लागतील.