तोळाभर सूत आणि वीस मिनिटं

कोकणात साप चावला असं सहसा कोणी म्हणत नाही. ‘पान लागलां’ म्हणतात. तिन्हीसांजेनंतर तर सापाचं नावही तोंडी घेत नाहीत. तो ‘जनावर’ होतो, नाहीतर ‘लांबडा’. जामसंड्याच्या सड्यावर मात्र एक जनावर असं आहे, की त्याचं नाव घ्यावंच लागतं, कारण ते नक्की तेच होतं का, हे घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं असतं. ते म्हणजे फुरसं.

हातभर लांबीचं, जांभ्या दगडाच्याच रंगाचं, डोक्यावर बाणासारखी खूण असलेलं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं. त्याच्या कुशीवरच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. ते घासले की तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. हा आवाज तोंडातून येत नाही, अंगातून येतो. एवढंसं जनावर, पण माघार न घेता जागच्या जागी आठाच्या आकड्यासारखं वळून बसतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झेप घेतं.

देवगड बंदरावरून वर चढून आलं की जामसंडे. दोन्ही गावांची आता एकच नगरपंचायत आहे. इथे मातीपेक्षा कातळ जास्त. हापूसची कलमं लावायला पूर्वजांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, लांबून माती आणून भरली आणि निघालेल्या दगडांचे बागेभोवती गडगे रचले. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. या गडग्यांच्या फटी दिवसा थंड आणि रात्री उबदार. उंदीर, पाली, बेडूक, विंचू सगळं आत हजर. माणसाने आंब्यासाठी जे बांधलं, ते फुरशाला घर म्हणून आयतंच मिळालं. पावसाळा सरताना गवत कापायला वाकलेला हात, ढासळलेला गडगा पुन्हा रचताना उचललेला दगड, बॅटरी न घेता अंगणात टाकलेलं पाऊल: पान लागतं ते अशा वेळी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारणाऱ्याला इनाम ठेवलं होतं. देवगड तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं (सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 रोजी). लोकांनी लाखांनी फुरशी मारून कचेरीत आणून टाकली. फुरसं संपलं नाही. गडगे होते तिथेच होते.

आता त्या विषाकडे येऊ, कारण खरी नवलाची गोष्ट तिथे सुरू होते.

आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचं एक प्रथिन विरघळलेलं असतं. त्याला न विणलेलं सूत समजा. जखम झाली की शरीर थ्रॉम्बिन नावाचा विणकर जागा करतं. तो या सुताचं जाळं विणतो, जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होऊन जखम बंद होते. हा विणकर रक्तात एरवी झोपलेला असतो आणि त्या रूपात त्याचं नाव प्रोथ्रॉम्बिन. त्याला उठवायला शरीराने भलीमोठी साखळी ठेवली आहे. एकाने दुसऱ्याला हलवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. इतका बंदोबस्त अशासाठी, की तो भलत्या वेळी उठला तर वाहत्या रक्तातच गाठी होतील.

फुरशाच्या विषात इकॅरिन नावाचं विकर असतं. ते ही सगळी साखळी ओलांडून थेट झोपलेल्या विणकराला उठवतं. कॅल्शियम लागत नाही, कोणी मध्यस्थ लागत नाही. विणकर उठतो आणि जखम नसताना अंगभर विणत सुटतो. बारीक, निरुपयोगी चिंध्या विणतो. शरीर त्या विरघळवून टाकतं. तो पुन्हा विणतो. असं करत सूत संपतं. म्हणजे रक्त गोठवणारं विष शेवटी रक्ताला गोठताच येणार नाही अशा जागी आणून सोडतं. याच विषातली दुसरी विकरं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. मग हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या खपल्या ओल्या होतात, लघवी लाल होते, आणि वाईट म्हणजे डोक्यात किंवा पोटात न दिसणारा रक्तस्राव होतो. बंदरावरच्या माणसाला हे चटकन कळेल: ऐन हंगामात पाग विणायला बसावं आणि पाहावं तर सुताचं बंडलच रिकामं.

प्रमाण पाहिलं की मन चक्रावतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं सगळं फायब्रिनोजेन मिळून दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. सोनाराच्या भाषेत तोळाभर. पाच लिटर रक्ताची सगळी राखण या तोळाभर सुतावर. आणि ते संपवायला फुरशाला विष लागतं काही मिलिग्रॅम. विकराचा एक कण काम करून स्वतः खर्ची पडत नाही, तो पुढच्या कामाला मोकळा होतो, म्हणून हे जमतं.

पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि माणसं फसतात ती इथे. नागाचं विष श्वास बंद पाडतं, तेही लवकर. फुरशाचं विष कित्येकदा तासांनी, कधी एखाद्या दिवसानंतरही आपलं रूप दाखवतं. पाय सुजलेला असतो, दुखत असतो, पण माणूस बोलतो, चहा पितो. मग घरातलं कोणी म्हणतं, ‘बरो आसा रे, कित्याक घाबरतंस?’ गावठी मुळी उगाळून लावलेली असेल तर श्रेय मुळीला जातं. मी या मुळी देणाऱ्या माणसांना फसवे म्हणणार नाही. बहुतेकजण एक पैसाही घेत नाहीत आणि मध्यरात्री उठून दार उघडतात. पण अनेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा चावताना विष सोडत नाही किंवा अगदी थोडं सोडतो. असा माणूस मुळीने बरा होतो आणि मुळीशिवायही बरा होतो. ज्याच्या अंगात विष गेलं आहे, त्याचं सूत मात्र त्या चहाच्या वेळीही संपतच असतं.

हे ओळखायचं कसं? यासाठी जे साधन आहे त्याच्या साधेपणाने मी प्रत्येक वेळी थक्क होतो. एक काचेची नळी.

नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची. शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात ओतायचं आणि वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून बसलं असेल तर सूत शाबूत आहे. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने आपलं काम केलं आहे. यंत्र नको, वीज नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात खिडकीच्या कठड्यावरही ही तपासणी होते. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात नायजेरियात फुरशाच्याच भाऊबंदांनी चावलेले रुग्ण पाहताना ती वापरात आणली आणि आज जगभर ती प्रमाण मानली जाते.

नळी काचेचीच का? यामागे एका माणसाची हकीकत आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ऑस्कर रॅटनॉफ या डॉक्टरांकडे जॉन हेजमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त आलं. काचेच्या नळीत ते काही केल्या वेळेवर गोठेना. पण हेजमनला कधी जखमेतून जास्त रक्त गेल्याचा इतिहास नव्हता. अंगात त्याचं रक्त ठीक गोठत होतं. 1955 साली उलगडा झाला. काचेचा स्पर्श ओळखून साखळी सुरू करणारा एक घटक आपल्या रक्तात असतो आणि तो हेजमनच्या रक्तात नव्हता. आज तो घटक बारावा, पण डॉक्टर त्याला अजून हेजमनच्या नावानेही ओळखतात. पक्ष्यांत तो नसतो. देवगडच्या समुद्रात उड्या मारणाऱ्या डॉल्फिनमध्येही नसतो. प्लास्टिकला रक्त असं ओळखत नाही, म्हणून प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही वीस मिनिटांत न गोठता राहू शकतं. साबणाने धुतलेल्या काचेतही तोच घोटाळा. औषधाचा निर्णय नळीच्या स्वच्छतेवर टांगलेला असतो, आणि ती जपणारी सिस्टर माझ्या लेखी मोठ्या शल्यविशारदाच्या तोडीची आहे.

पहिली नळी गोठली म्हणून घरी जाता येत नाही. विष अजून चाव्याच्या जागेवरून रक्तात उतरत असू शकतं, म्हणून पहिल्या काही तासांत नळी पुन्हा पुन्हा लावतात आणि रुग्णाला किमान दिवसभर नजरेखाली ठेवतात. ‘काही झालं नाही, तरी सोडत नाहीत’ अशी तक्रार नातेवाईक करतात, तेव्हा त्यांना ही तोळाभर सुताची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

नळीतलं रक्त वाहिलं, तर सापाचं इंजेक्शन सुरू होतं. हे प्रतिविष म्हणजे घोड्याची देणगी. घोड्याला विषाच्या अगदी थोड्या, वाढत जाणाऱ्या मात्रा देतात. त्याच्या रक्तात विषाला जखडणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून, बहुधा कोरड्या पुडीच्या रूपात कुपीत भरतात. पुडीला फ्रिजचा हट्ट नसतो, म्हणून पावसात दोन-दोन दिवस लाईट जाणाऱ्या गावांत ती टिकते. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्रात या औषधाशी पिढ्यांपासून जोडलेलं आहे. भारतातलं नेहमीचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालतं. म्हणून साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला पान लागतं. आंबोलीच्या रानातला चापडा या चारांत नाही, तेव्हा साप लांबून दिसला असेल तर त्याचं वर्णन डॉक्टरांना जरूर सांगावं.

सुरुवातीला साधारण दहा कुप्या सलाईनमधून देतात. आईवडिलांना धक्का बसेल अशी गोष्ट म्हणजे लहान मुलालाही तेवढ्याच. कारण औषध मुलाच्या वजनावर ठरत नाही, विषावर ठरतं, आणि फुरसं मूल पाहून कमी विष सोडत नाही. घोड्याचं प्रथिन परकं असल्याने काहींना अंगावर पित्त उठतं, थंडी भरते, क्वचित रक्तदाब झपकन उतरतो. म्हणून ॲड्रिनलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार असते. ही सोय जिथे आहे तिथेच हे औषध घ्यावं. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. पाय हलू न देता फळीचा आधार द्यावा, आवळून दोरी बांधू नये, जखम कापू-चोखू नये आणि 108 ला फोन करावा. दुखतं म्हणून घरातली ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनची गोळी तर मुळीच नको; रक्तस्रावात ती भर घालते.

आता प्रतिविषानंतरच्या सहा तासांविषयी. प्रतिविष देऊन झालं की डॉक्टर सहा तास थांबतात आणि मग पुन्हा नळी लावतात. बाहेर बसलेल्या माणसांना हे थांबणं जीवघेणं वाटतं. ‘अजून द्या ना, कुप्या आहेत ना?’ पण प्रतिविष विकराला जखडतं, संपलेलं सूत परत आणत नाही. ते काम यकृताचं. नवं फायब्रिनोजेन पुरेसं तयार करून रक्तात सोडायला यकृताला साधारण सहा तास लागतात. त्याआधी नळी लावली तर ती वाहणारच. सहा तासांनंतरही वाहिली, तर अंगात विष मोकळं आहे असं समजून प्रतिविष पुन्हा देतात. आणि प्रतिविषाआधी नुसतं रक्त किंवा प्लाझ्मा चढवणं म्हणजे वेड्या विणकराच्या हाती नवं बंडल देणं.

साधी साधनं आणि नेमकी नजर यांची कोकणाला सवय आहे. याच जांभ्या दगडाखाली लाल विंचूही असतो. त्याच्या दंशाने माणसं फटाफट जात, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढून विषाचा हृदयावरचा मार्ग ओळखला आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर वापरली. त्यांचं ते काम ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशांवरही त्यांनी लिहिलं आहे.

आणि फुरशाचं विष? तेही प्रयोगशाळेत कामाला लागलं. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. ते थ्रॉम्बिनला बांधून ठेवतं. त्यावरून बनलेल्या औषधांचा रक्तातला असर मोजायला इकॅरिन वापरतात. जळू आणि कातळावरचं फुरसं एका नळीत भेटतात. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं 49 अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिनही सापडलं, जे रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या एका छोट्या तुकड्याची नक्कल करत रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान घडवलं. 1998 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि हृदयविकाराच्या झटक्यात धमनीतली गुठळी वाढू नये म्हणून डॉक्टर आज ते वापरतात.

पहाटे वॉर्डात दुसरी नळी भरली जाते. सिस्टर ती स्टँडमध्ये ठेवते, घड्याळात वेळ पाहून कागदावर लिहिते आणि दुसऱ्या खाटेकडे वळते. वीस मिनिटांनी परत येते. बाकावर रात्र काढलेली बायको उठून मागे उभी राहते. सिस्टर नळी दिव्याजवळ धरते, हळूच तिरकी करते. आतलं रक्त काचेला धरून बसलेलं असतं, जेलीसारखं, हलत नाही. ‘बघा काकी,’ ती म्हणते, ‘जमला.’