विश्लेषण : बँकेची कार्यक्षमता खरेच वाढली का? ‘माल्मक्विस्ट निर्देशांक’ काय सांगतो?

१ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांचे विलीनीकरण होऊन चार बँका उरल्या आणि देशातील सरकारी बँकांची संख्या १२ वर आली. अशा बदलांनंतर बँका अधिक कार्यक्षम होतात का? केवळ नफा पाहून हे कळत नाही. व्याजदर उतरले, की बँकांकडील रोख्यांचे भाव वधारतात आणि कामात काहीही सुधारणा नसताना नफा फुगतो.

मग मोजतात काय?

कर्मचारी, शाखा, भांडवल किती वापरले आणि त्यातून कर्जे, गुंतवणूक किती उभी राहिली, याची तुलना केली जाते. सर्वांत सरस बँकांची एक ‘आघाडीची रेषा’ आखतात आणि बाकीच्या तिच्यापासून किती मागे आहेत ते पाहतात. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही पद्धत म्हणजे ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’.

काळानुसार बदल कसा कळतो?

त्यासाठी स्वीडनचे स्टेन माल्मक्विस्ट यांच्या नावाचा निर्देशांक वापरतात. समजा, तेवढ्याच खर्चात आघाडीची बँक १०० आणि आपली बँक ८० एकक काम करते. आपले गुण ०.८०. पाच वर्षांनी मोबाइल बँकिंगमुळे आघाडीची बँक १२५ वर, आपली ९० वर. गुण झाले ०.७२.

• पाठलाग : ०.७२ ÷ ०.८० = ०.९० (आपण मागे पडलो)
• तंत्रज्ञान : १२५ ÷ १०० = १.२५ (रेषाच पुढे सरकली)
• निर्देशांक : ०.९० × १.२५ = १.१२५

म्हणजे उत्पादकता साडेबारा टक्के वाढली, तरीही बँक स्पर्धेत मागे पडली. ताळेबंदात हे दिसत नाही.

भारतातील अनुभव काय?

भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनी १९८६ ते १९९१ या काळातील ७० बँका अभ्यासल्या. त्यात सरकारी बँका सर्वांत कार्यक्षम ठरल्या. पण वर्षागणिक त्यांची कामगिरी घसरत होती आणि विदेशी बँकांची सुधारत होती. क्रमांक एक सांगतो, कल दुसरेच.

त्रुटी कोणत्या?

वाटलेले कर्ज ‘काम’ म्हणून मोजले आणि पुढे तेच थकले, तर बेफिकीर बँकही सरस दिसते. त्यामुळे बुडीत कर्जे हिशेबात धरावी लागतात. शिवाय एखादे वर्ष निव्वळ नशिबाने चांगले जाते. तो भाग वेगळा काढण्यासाठी ‘स्टोकॅस्टिक फ्रंटियर’ ही दुसरी पद्धत वापरली जाते.

म्हणूनच ‘विलीनीकरणाने कार्यक्षमता वाढली’ असा दावा वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा : बँक स्वतः सुधारली, की सगळ्याच बँका पुढे सरकल्या?