दादरचा बाजार उद्या कोणाचा?

जयंतीच्या आधीचा रविवार होता. दादरला पश्चिमेकडे उतरून आम्ही रानडे रोडकडे निघालो, तर पाय ठेवायला जागा नाही. नायगाव, वरळी, परळच्या चाळींतून आलेली माणसे. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात कापडी पिशवी. पोराला पांढरा सदरा हवा, पोरीला निळी ओढणी. दुकानात भाव विचारायचा आणि मग बाहेर पदपथावर दहा रुपये कमी करून घ्यायचे, ही आपल्या आयाबहिणींची जुनी रीत. पन्नास पावलांत सणाची सगळी खरेदी उरकते, आणि खिशातले पैसे घरी परतण्यापुरते तरी शिल्लक राहतात.

हा बाजार आणखी वीस वर्षांनी असाच राहील का?

दुकानदाराला विचारा, तो म्हणतो, फेरीवाल्यांनी आमचा धंदा बसवला. फेरीवाल्याला विचारा, तो मॉलकडे बोट दाखवतो. आणि आता तर दोघेही मोबाइलकडे बोट दाखवतात. दहा मिनिटांत सामान दारात! ते सामान पाठीवर घेऊन जिने चढणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो, हेही विसरून चालणार नाही.

पण रस्त्यावरचा हा धंदा आला कुठून? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. ज्यांनी साच्यावर उभे राहून हयात घालवली, त्यांतले कितीतरी कामगार आणि त्यांच्या बायका टोपली घेऊन रस्त्यावर बसल्या. आणि त्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन २००५ साली ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. तिथे आज काचेचा उंच मनोरा उभा आहे. ज्याची गिरणी गेली तो पदपथावर, आणि गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या दुकानांना त्याच्या पदपथाची अडचण, असा हा उफराटा न्याय आहे.

आम्ही एकांगी लिहू इच्छित नाही. चालायला वाट हवीच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसण्यास मनाई केली. म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला पदपथावरून नीट चालता आलेच पाहिजे. परंतु रस्ता अडवणारा फक्त टोपलीवालाच असतो काय? दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या मोटारी किती जागा खातात, हे एकदा मोजून पाहावे. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. रस्त्याच्या काही भागात त्या दिवशी गाड्या बंद. लोक मोकळेपणी चालतात, दुकाने उघडी असतात. वर्षातून एक दिवस जे जमते ते दादरला दर रविवारी का जमू नये?

कायद्याने काय दिले आहे तेही घरात माहीत असावे. पदपथावर धंदा करणे हा घटनेच्या कलम १९(१)(ग) मधील व्यवसाय-स्वातंत्र्यात येतो, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात म्हटले. पुढे २०१४ साली पथविक्रेता कायदा आला. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल उचलला तर त्याची यादी द्यावीच लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत परत मिळाला पाहिजे. विक्रेता वारला तर प्रमाणपत्र पत्नीला वा पतीला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला मिळू शकते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व हवे.

कागदावर हे सारे उत्तम. प्रत्यक्षात मुंबईत २०१४ च्या पाहणीत ९९ हजारांवर फेरीवाल्यांची नोंद झाली, आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजी समितीसाठी मतदान झाले तेव्हा मतदार होते सुमारे ३२ हजार. बाकीचे कुठे गेले? ते तर रोज सकाळी त्याच जागी बसतात!

पुलाजवळ एक मावशी गजरे विकत होत्या. नवरा गिरणीत होता, संपानंतर त्याच जागेवर दोघे बसू लागले. यादी कधी मागितलीत का, असे आम्ही विचारले. त्या हसल्या. "गाडी आली की आधी पळायचं, बाबा. यादी मागायला थांबलं तर टोपलीबी जाते." कॉलेजात जाणारी नात शेजारी बसून सुईत दोरा ओवत होती. तिने आमच्या वहीतून ते दोन दिवसांचे कलम लिहून घेतले आणि विचारले, "पावत्या जुन्या असल्या तरी चालतात का?" घरी पत्र्याच्या पेटीत १९९० च्या आसपासच्या दंडाच्या पावत्या आहेत म्हणे. आम्ही सांगितले, एकही फेकू नकोस, आधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढून घे.

तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि मावशी मोगऱ्याचा भाव सांगू लागल्या.